दाद कुठे मागायची? गरिबांच्या हक्कांची पंच्याहत्तर वर्षं

दोन वाक्यं शेजारी ठेवून बघा. पहिलं : कुणालाही मनमानी पद्धतीने अटक करता येणार नाही. दुसरं : प्रत्येकाला स्वतःच्या आणि कुटुंबाच्या आरोग्यासाठी पुरेसं अन्न, कपडे, घर आणि औषधोपचार मिळाले पाहिजेत.

ही दोन्ही वचनं संयुक्त राष्ट्रांच्या १९४८ च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यात आहेत. पहिलं कलम ९ मध्ये, दुसरं कलम २५ मध्ये. दोघांना दिलेलं नाव एकच : मानवी हक्क. त्यात डावं-उजवं केलेलं नाही.

आता पहिलं वचन मोडलं तर काय करायचं, हे आपल्याला साधारण ठाऊक असतं. वकील गाठायचा, कोर्टात जायचं. दुसरं मोडलं तर? एखाद्या घरात दोन दिवस चूल पेटली नाही, तर त्या घरातल्या बाईने कुठे जायचं? सरपंचाकडे, नगरसेवकाकडे, एखाद्या संस्थेकडे, नाहीतर शेजारणीकडे. कोर्टाचं नाव आपल्या तोंडी येत नाही.

हा फरक आपण इतका गृहीत धरलाय की तो निसर्गनियमच वाटतो. पण तो १९५० ते १९५२ या काळात, ठरावीक देशांच्या प्रतिनिधींनी, बैठका घेऊन आणि मतदान करून ठरवलेला आहे. आणि तो ठरवणाऱ्यांत भारत पुढे होता. मी पोटापाण्यासाठी कोड लिहितो, कायद्याचा माणूस नाही. पण हा इतिहास वाचताना मला वाटत राहिलं की, माझ्या कामाशी त्याचा फार जवळचा संबंध आहे. तो कसा, ते शेवटी येईलच.

एकच कागद

दुसरं महायुद्ध चालू असतानाच, जानेवारी १९४४ मध्ये, अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी संसदेपुढच्या संदेशात एक मुद्दा मांडला होता. जुने राजकीय हक्क पुरेसे नाहीत. काम, घर, उपचार, शिक्षण आणि म्हातारपणाची सोय यांचीही सनद हवी. पोटाची भ्रांत असलेला माणूस स्वतंत्र नसतो, असा त्याचा रोख होता. ज्या दशकात जर्मनीत बेकारी वाढली, त्याच दशकात तिथे हिटलर सत्तेवर आला, हे त्या पिढीने डोळ्यांनी पाहिलं होतं.

युद्धानंतर संयुक्त राष्ट्रांचा मानवी हक्क आयोग बसला. अध्यक्ष होत्या एलिनॉर रूझवेल्ट. पहिला मसुदा कॅनडाच्या जॉन हम्फ्री यांनी तयार केला. तो करताना त्यांनी जगभरच्या राज्यघटना चाळल्या. लॅटिन अमेरिकेतल्या घटनांमध्ये काम, आरोग्य, शिक्षण यांचे हक्क आधीपासून होते, ते मसुद्यात आले. चिलीचे प्रतिनिधी एर्नान सांता क्रूझ यांनी ते शेवटपर्यंत लावून धरले. म्हणजे पोटाचे हक्क हा केवळ रशियाचा आग्रह होता, ही ऐकीव गोष्ट अर्धवट आहे.

आयोगात भारताकडून होत्या हंसाबेन मेहता. सुरतेत जन्मलेल्या, मुंबईच्या राजकारणात घडलेल्या, एसएनडीटी विद्यापीठाच्या कुलगुरू राहिलेल्या. जाहीरनाम्याच्या पहिल्या कलमात आधी 'सर्व पुरुष' असा अर्थ निघू शकेल असा शब्द होता. त्या जागी 'सर्व माणसं' हा शब्द आला, याचं श्रेय त्यांच्याकडे जातं.

१० डिसेंबर १९४८ ला पॅरिसच्या पॅले द शायो या इमारतीत जाहीरनामा मंजूर झाला. बाजूने ४८, विरोधात एकही नाही, तटस्थ ८. अटक आणि भूक एकाच कागदावर होती. पण जाहीरनामा म्हणजे करार नव्हे. तो कुठल्याही देशावर कायदेशीर बंधन घालत नव्हता. पुढचं काम होतं त्याचा करार करण्याचं. आणि तिथे अडलं.

कागद कुणी फाडला?

१९५० च्या डिसेंबरमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने ठरवलं होतं की करार एकच असेल. राजकीय हक्क आणि आर्थिक-सामाजिक हक्क एकमेकांत गुंतलेले आहेत, सबब ते एकत्रच राहतील. पुढच्याच वर्षी हा निर्णय फिरवण्याचे प्रयत्न सुरू झाले. १९५१ मध्ये मानवी हक्क आयोगात भारताने ठराव मांडला : एकच करार करण्याचा निर्णय पुन्हा तपासा. युक्तिवाद असा की आर्थिक-सामाजिक हक्क न्यायालयात लावून धरता येण्यासारखे नाहीत. आयोगाने तो ठराव फेटाळला. पण विषय आमसभेत गेला, आणि तिथे भारत, बेल्जियम, लेबनॉन आणि अमेरिका यांनी मिळून दोन करारांचा प्रस्ताव आणला. फेब्रुवारी १९५२ मध्ये तो मंजूर झाला.

शाळेत शीतयुद्ध शिकलेल्या कुणालाही हे चित्र सोपं वाटेल : अमेरिकेला स्वातंत्र्य हवं होतं, रशियाला भाकरी. प्रत्यक्षात सोव्हिएत गटाला एकच करार हवा होता हे खरं, पण देशांवर बाहेरून कुणी देखरेख ठेवावी, लोकांच्या तक्रारी ऐकाव्यात, याला त्याच गटाचा कडाडून विरोध होता. म्हणजे एका बाजूला हक्क नको म्हणणारे होते, तर दुसऱ्या बाजूला हक्क चालेल पण तक्रार नको म्हणणारे. गरीब माणसाच्या दृष्टीने दोन्हींचा हिशेब एकच निघतो.

आणि भारत? भारताची अडचण समजण्यासारखी होती. फाळणीतून नुकताच बाहेर आलेला, धान्य आयात करणारा देश. 'प्रत्येकाला अन्न आणि घर' या वचनावर सही केली, तर दुसऱ्याच दिवशी आपण करारभंग करणारे ठरू, ही भीती खोटी नव्हती.

शिवाय हाच निर्णय आपण घरातही घेतला होता. आपल्या राज्यघटनेचे दोन भाग आठवा. तिसऱ्या भागात मूलभूत हक्क, त्यांच्यासाठी थेट सुप्रीम कोर्टात जाता येतं. चौथ्या भागात मार्गदर्शक तत्त्वं : उपजीविका, काम, पोषण, आरोग्य. कलम ३७ स्पष्ट सांगतं की ही तत्त्वं देशाच्या कारभारात मूलभूत आहेत, पण न्यायालयामार्फत अमलात आणता येणार नाहीत. ही विभागणी आयर्लंडच्या १९३७ च्या घटनेवरून आली. ती सुचवण्यात घटना समितीचे सल्लागार बी. एन. राव यांचा मोठा हात होता.

घटना समितीत नोव्हेंबर १९४८ मध्ये यावर चर्चा झाली. तिकडे पॅरिसमध्ये जाहीरनाम्यावर शेवटचा हात फिरत होता, अगदी तेच आठवडे. अर्थतज्ज्ञ के. टी. शहा यांनी या तत्त्वांची तुलना अशा चेकशी केली, जो बँकेला सोयीचं असेल तेव्हाच वटेल. टी. टी. कृष्णम्माचारींनी तर या भागाला भावनांची कचराकुंडीच म्हटलं. डॉ. आंबेडकरांनी मसुद्याचा बचाव केला. ही तत्त्वं डावलणाऱ्या सरकारला कोर्टात नाही, तरी निवडणुकीत मतदारांना उत्तर द्यावं लागेल, असं त्यांचं म्हणणं होतं. मात्र त्यांचं स्वतःचं आधीचं मत यापेक्षा बरंच पुढचं होतं. १९४७ च्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' या निवेदनात त्यांनी शेती आणि प्रमुख उद्योग राज्याच्या मालकीचे असावेत आणि हे घटनेतच लिहिलेलं असावं, म्हणजे कुठल्याही सरकारला ते मोडता येणार नाही, अशी मागणी केली होती. आणि २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात त्यांनी बजावलं की राजकारणात समता आणि समाजात विषमता हा विरोध फार काळ चालू दिला, तर लोकशाहीच धोक्यात येईल.

दोन करार, एकाला दार

१६ डिसेंबर १९६६ ला दोन्ही करार एकाच दिवशी मंजूर झाले. १९७६ मध्ये अमलात आले. भारताने एप्रिल १९७९ मध्ये दोन्ही स्वीकारले.

पण दोघांची भाषा बघा. नागरी आणि राजकीय हक्कांचा करार म्हणतो : प्रत्येक देशाने हे हक्क पाळायचे, आणि मोडले तर दाद मागायची सोय द्यायची. आर्थिक, सामाजिक आणि सांस्कृतिक हक्कांचा करार म्हणतो : प्रत्येक देशाने हाताशी असलेल्या साधनांच्या कमाल मर्यादेपर्यंत पावलं टाकायची, म्हणजे हे हक्क 'क्रमाक्रमाने' पूर्ण होतील.

सॉफ्टवेअरच्या धंद्यात ज्या कामाला तारीख नसते ते बॅकलॉगमध्ये पडतं. कुणी ते नाकारत नाही, आणि करतही नाही.

भाषेपेक्षा मोठा फरक यंत्रणेचा होता. पहिल्या कराराबरोबर त्याच दिवशी एक जोडकरार मंजूर झाला. त्यावर सही करणाऱ्या देशाविरुद्ध कुणीही सामान्य माणूस संयुक्त राष्ट्रांच्या समितीकडे तक्रार करू शकत होता. दुसऱ्या कराराला असा जोडकरार नव्हता. इतकंच काय, त्यावर देखरेख करणारी तज्ज्ञांची स्वतंत्र समितीही १९८५ मध्ये नेमली गेली. अमेरिकेने तर १९७७ मध्ये या करारावर सही केली, पण आजवर तो संमत केलेला नाही.

पैसे नाहीत म्हणे

'साधनं नाहीत' या सबबीला एक उत्तर मात्र याच काळात मिळालं, आणि ते महाराष्ट्रात मिळालं.

विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी साठच्या दशकात सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्यात एक छोटा प्रयोग केला : मागेल त्याला काम. १९७२ च्या दुष्काळात ती कल्पना राज्यभर गेली. दुष्काळ संपल्यावर अशा योजना सहसा गुंडाळल्या जातात. इथे उलट झालं. १९७७ मध्ये रोजगार हमीचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. म्हणजे भारताने आंतरराष्ट्रीय करार स्वीकारला, त्याच्या तीनच महिने आधी.

या कायद्यात दोन गोष्टी होत्या, ज्या जगाने 'अशक्य' म्हणून बाजूला ठेवल्या होत्या. एक, तारीख : काम मागितल्यापासून पंधरा दिवसांत ते द्यायचं. दोन, परिणाम : नाही दिलं तर बेकारी भत्ता द्यायचा. बँकेच्या सोयीने वटणारा चेक आणि ही हमी, यांतला फरक एवढाच आहे.

आणि पैसे? तुम्ही महाराष्ट्रात नोकरी करत असाल, तर पगाराची स्लिप उघडून बघा. 'प्रोफेशन टॅक्स' नावाची दोनशे रुपयांची एक ओळ असेल. हा व्यवसाय कर १९७५ च्या कायद्याने रोजगार हमीसाठी बसवला गेला. शहरातल्या पगारदारांकडून कर घ्यायचा, राज्याने तेवढीच भर घालायची आणि त्यातून गावात रस्ते, बांध, पाझर तलावांची कामं काढायची. प्रत्यक्षात मजुरी उशिरा मिळणं, हजेरीपटात खोटी नावं असणं, कामं अर्धवट राहणं हे सगळं झालं, आणि त्यावर मजुरांच्या संघटना वर्षानुवर्षं भांडल्या. पण कायदा हातात होता म्हणून भांडता आलं. २००५ चा केंद्राचा रोजगार हमी कायदा याच वाटेवरून आला.

फुटपाथवरचा नोटीसचा प्रश्न

१३ जुलै १९८१. मुख्यमंत्री अ. र. अंतुले यांनी जाहीर केलं की मुंबईतल्या फुटपाथवर राहणाऱ्यांना हटवून त्यांच्या मूळ गावी पाठवलं जाईल. ऐन पावसाळा. २३ जुलैला झोपड्या पाडल्या गेल्या, माणसांना बसमध्ये बसवून शहराबाहेर काढलं गेलं. पुढे कोर्टात गेलेल्यांपैकी एक जण तमिळनाडूतल्या सेलमहून १९६१ मध्ये कामाच्या शोधात मुंबईत आला होता. वीस वर्षं या शहरात राबलेल्या माणसाला परत सेलमच्या बसमध्ये बसवण्यात आलं.

पत्रकार ओल्गा टेलिस आणि काही संस्था-व्यक्तींनी, फुटपाथवासीयांसह, याचिका केल्या. पाच न्यायमूर्तींच्या खंडपीठाने १० जुलै १९८५ ला निकाल दिला. तो लिहिला होता सरन्यायाधीश यशवंत विष्णू चंद्रचूड यांनी.

निकालातली पहिली गोष्ट शिकवली जाते : जगण्याच्या हक्कात, म्हणजे कलम २१ मध्ये, उपजीविकेचा हक्क येतो. कारण कुणाचं जगणं हिरावायचं असेल, तर त्याच्या पोटाचं साधन काढून घेणं हा सर्वांत सोपा मार्ग आहे. हे लोक फुटपाथवर राहतात ते हौस म्हणून नाही. काम जवळ असतं म्हणून. कोर्टाने इथे मार्गदर्शक तत्त्वांचा आधार घेतला. चौथ्या भागातली, कोर्टात न चालणारी म्हणून ठेवलेली तत्त्वं अशी तिसऱ्या भागाच्या दारातून आत आली.

दुसरी गोष्ट कमी सांगितली जाते. याचिकाकर्त्यांच्या वतीने हायकोर्टात कबूल करण्यात आलं होतं की फुटपाथवर झोपडी बांधण्याचा मूलभूत हक्क आम्ही सांगत नाही. सरकारने तेच पुढे केलं. सुप्रीम कोर्ट म्हणालं, मूलभूत हक्क कुणी बोलून दाखवला म्हणून सुटत नाही. अडचणीत असलेल्या माणसाने काहीही कबूल केलं तरी हक्क राहतो.

तिसरी गोष्ट : नोटीस. महापालिकेच्या १८८८ च्या कायद्यातलं एक कलम आयुक्तांना नोटीस न देता अतिक्रमण काढू देतं. कोर्टाने म्हटलं की नोटीस न देणं हा अपवाद असला पाहिजे, नियम नव्हे. हटवण्याआधी माणसाचं ऐकून घेतलं पाहिजे. ऐकून निर्णय बदलेलच असं नाही, पण ऐकून घेण्यात त्याला माणूस मानणं आहे.

आणि चौथी गोष्ट : ते हरले. हटवण्याची परवानगी मिळाली. पावसाळा संपेपर्यंत, ३१ ऑक्टोबर १९८५ पर्यंत थांबा, आणि १९७६ च्या गणनेत ओळखपत्र मिळालेल्यांना पर्यायी जागा द्या, एवढ्या अटींवर. हक्क सिद्ध झाला, झोपडी गेली.

असंच काहीसं पुढे दक्षिण आफ्रिकेत घडलं. केपटाऊनजवळच्या वॉलेसडीन वस्तीतून बाहेर पडलेल्या सुमारे नऊशे माणसांना १९९९ च्या मे महिन्यात, थंडीच्या तोंडावर, एका मोकळ्या जमिनीवरून हुसकावलं गेलं. बुलडोझर आले, सामान नष्ट झालं. आयरीन ग्रूटबूम यांच्या नावाने खटला उभा राहिला. ऑक्टोबर २००० मध्ये तिथल्या घटनात्मक न्यायालयाने ठरवलं की जी घरबांधणी योजना सर्वांत हलाखीत असलेल्यांसाठी आज काहीच करत नाही, ती वाजवी नाही. 'क्रमाक्रमाने' याचा अर्थ 'सर्वांत गरीब सगळ्यात शेवटी' असा होत नाही. जगभरच्या विधी महाविद्यालयांत हा निकाल शिकवला जातो. ग्रूटबूम २००८ मध्ये वारल्या, तेव्हाही त्या झोपडीतच राहत होत्या.

गरिबांना विचारलं का?

कोर्टांच्या बाहेर आणखी एक धागा चालू होता. जोसेफ व्रेझिन्स्की हे फ्रान्समधले कॅथलिक धर्मगुरू. वडील पोलंडचे, आई स्पेनची, बालपण आँजे शहरात दारिद्र्यात गेलेलं. १९५६ मध्ये ते पॅरिसजवळच्या नुआझी-ल-ग्रां इथल्या बेघरांच्या छावणीत राहायला गेले. चिखलात उभ्या केलेल्या अर्धगोल निवाऱ्यांत अडीचशेच्या आसपास कुटुंबं राहत होती. तिथे सूप वाटणारे पुष्कळ येत. व्रेझिन्स्कींनी सूपवाटप थांबवून वाचनालय आणि बालवाडी सुरू केली. पुढच्या वर्षी कुटुंबांसोबत संघटना काढली, तीच पुढे 'एटीडी चौथं जग' म्हणून ओळखली गेली.

त्यांचं सांगणं असं होतं : घोर दारिद्र्य म्हणजे एका वस्तूची कमतरता नव्हे. घर नाही म्हणून पत्ता नाही, पत्ता नाही म्हणून नोकरी नाही, नोकरी नाही म्हणून उपचार नाहीत, आणि शेवटी या माणसाचं म्हणणं कुणी ऐकत नाही. सगळे हक्क एकदम जातात, म्हणून ते वेगवेगळ्या करारांत वाटून परत देता येत नाहीत. १९८७ मध्ये फ्रान्सच्या आर्थिक-सामाजिक परिषदेने त्यांचा अहवाल स्वीकारला. त्याच वर्षी १७ ऑक्टोबरला, १९४८ चा जाहीरनामा ज्या इमारतीत मंजूर झाला तिच्याच समोरच्या चौकात, हजारो लोकांसमोर एका शिळेचं अनावरण झालं. जिथे माणसं दारिद्र्यात जगायला भाग पडतात तिथे मानवी हक्कांचा भंग होतो, असा तिच्यावरच्या मजकुराचा आशय आहे. पुढच्या फेब्रुवारीत ते वारले. १९९२ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी १७ ऑक्टोबर हा दारिद्र्य निर्मूलनाचा दिवस ठरवला.

या धाग्यातून २०१२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क परिषदेने घोर दारिद्र्य आणि मानवी हक्क यांविषयीची मार्गदर्शक तत्त्वं स्वीकारली. मसुदा चिलीच्या मॅग्दालेना सेपुल्वेदा यांनी पूर्ण केला. ती बंधनकारक नाहीत, पण त्यांचं काम वेगळं आहे : आधीच मान्य असलेले हक्क गरीब माणसाच्या बाबतीत नेमके काय मागतात, ते सांगणं. उदाहरणार्थ, रस्त्यावर झोपणं, भीक मागणं अशा जगण्यासाठीच्या कृतींना गुन्हा ठरवणारे कायदे रद्द करा किंवा बदला.

हे वाचताना आपल्याकडचा १९५९ चा मुंबई भिक्षा प्रतिबंधक कायदा आठवतो. तो दिल्लीलाही लागू केला होता. तिथल्या हायकोर्टाने ऑगस्ट २०१८ मध्ये त्यातली भीक मागण्याला गुन्हा ठरवणारी कलमं रद्द केली. युरोपीय मानवी हक्क न्यायालयातही असंच प्रकरण आलं. जिनिव्हात भीक मागितल्याबद्दल एका गरीब रोमा तरुणीला ५०० फ्रँक दंड झाला, भरता आला नाही म्हणून पाच दिवस कोठडी. जानेवारी २०२१ मध्ये न्यायालयाने तिच्या बाजूने निकाल दिला. आपली गरज दुसऱ्यापुढे मांडणं हा माणसाच्या प्रतिष्ठेचा भाग आहे, असा त्याचा रोख आहे.

दार उघडलं, बेचाळीस वर्षांनी

१९६६ मध्ये जो जोडकरार झाला नव्हता, तो अखेर १० डिसेंबर २००८ ला मंजूर झाला. ५ मे २०१३ पासून लागू. आता अन्न, घर, आरोग्याच्या हक्काबद्दलही सामान्य माणूस संयुक्त राष्ट्रांच्या समितीकडे तक्रार करू शकतो, मात्र त्याच्या देशाने हा जोडकरार स्वीकारलेला असला पाहिजे. असे देश आजही तीसच्या आसपासच आहेत. भारत त्यांत नाही.

या नव्या दारातून आलेल्या ज्या प्रकरणात पहिल्यांदा हक्कभंग ठरला, तो २०१५ चा निकाल वाचण्यासारखा आहे. माद्रिदमधली एक बाई. कर्ज काढून घर घेतलं, हप्ते थकले, बँकेने कारवाई सुरू केली. कोर्टाचा माणूस नोटीस द्यायला आला, ती सापडली नाही, म्हणून नोटीस कोर्टाच्या फलकावर लावून टाकली. घराचा लिलाव ठरला तेव्हा तिला कळलं. समितीने स्पेनला दोषी धरलं, कारण घरासारखी गोष्ट जाणार असताना तिच्यापर्यंत नोटीस पोचवण्याचा पुरेसा प्रयत्न झाला नव्हता, आणि त्यामुळे तिला वेळेत बाजू मांडता आली नाही.

इतकी वर्षं युक्तिवाद काय होता? गरिबांचे हक्क कोर्टात चालवायचे तर न्यायाधीशांना देशाचा अर्थसंकल्प लिहावा लागेल. प्रत्यक्षात प्रकरण आलं ते काय मागत होतं? घर फुकट द्या असं नाही. मला आधी सांगा, कारण द्या, माझं ऐका, इतकंच. मुंबईच्या फुटपाथवरून १९८१ मध्ये मागितलं गेलं त्यात हेही होतंच. याला फार साधनं लागत नाहीत. क्रमाक्रमाने करण्यासारखंही त्यात काही नाही.

कारणाचा रकाना

म्हणून मला या इतिहासाचा पुढचा भाग माझ्या पिढीच्या धंद्यात घडतोय असं वाटतं. ऑक्टोबर २०१९ मध्ये संयुक्त राष्ट्रांचे घोर दारिद्र्यविषयक विशेष प्रतिवेदक फिलिप ऑल्स्टन यांनी आमसभेला एक अहवाल दिला. विषय : डिजिटल कल्याणकारी राज्य. कुणाला पेन्शन, कुणाला भत्ता, कुणावर संशय, हे आता सॉफ्टवेअर ठरवतं, आणि ते आधी गरिबांवर चालवून पाहिलं जातं, असा त्यांचा इशारा होता.

नेदरलँड्समध्ये 'सिरी' नावाची प्रणाली होती. वेगवेगळ्या सरकारी खात्यांची माहिती एकत्र करून, कोण भत्त्यात गैरप्रकार करू शकेल याचा अंदाज ती बांधायची. वापर झाला तो गरीब वस्त्यांवर. ज्याच्या नावापुढे खूण पडली, त्याला ते कळवलं जात नव्हतं. अंदाज कसा बांधला, हेही सांगितलं जात नव्हतं. फेब्रुवारी २०२० मध्ये हेगच्या न्यायालयाने ती बंद करायला लावली. त्या खटल्यात ऑल्स्टन यांनीही कोर्टाला आपलं निवेदन दिलं होतं.

आपल्याकडे रेशन दुकानातल्या मशीनवर अंगठा जुळत नाही, हा रोजचा अनुभव आहे. बांधकामावर, उसाच्या फडात, भांडी घासून ज्यांच्या बोटांच्या रेषा झिजल्या, त्यांचाच अंगठा जास्त अडतो. दुकानदार म्हणतो, "मशीन घेत नाही." हे वाक्य नीट ऐका. त्यात निर्णय आहे, पण निर्णय घेणारं कुणी नाही. कारण नाही, तारीख नाही, आणि ज्याच्याकडे जायचं त्याचं नावही नाही. १८८८ च्या कायद्यातल्या आयुक्तांना निदान चेहरा होता.

आमच्या कामात अर्जाची स्थिती डेटाबेसमध्ये एका शब्दात लिहिली जाते : मंजूर किंवा नामंजूर. त्या शेजारी 'कारण' नावाचा रकाना ठेवायचा की नाही, तो भरणं सक्तीचं करायचं की नाही, अर्जदाराला त्याच्या भाषेत मेसेज जाणार की नाही, अपिलाचं बटण असणार की नाही, हे कुणीतरी मीटिंगमध्ये ठरवतं. बहुतेक वेळा ते 'पुढच्या रिलीजमध्ये बघू' म्हणून मागे पडतं. १९५२ मध्ये पॅरिसला जमलेल्यांनीही थोडंफार हेच म्हटलं होतं.

तेव्हा मागे ढकललेलं काम पूर्ण व्हायला जोडकरार मंजूर होईपर्यंत छप्पन्न वर्षं गेली, आणि तेही तीसेक देशांपुरतं. भारताने त्या जोडकरारावर सही करावी ही मागणी आपण केलीच पाहिजे. पण तोवर थांबायचं कारण नाही. कुणाचं रेशन, पेन्शन किंवा घर काढून घेणाऱ्या प्रत्येक यंत्रणेला, मग ती कागदी असो की कोडमधली, तीन प्रश्न विचारता येतात. माणसाला आधी कळवलं का? कारण सांगितलं का? त्याचं ऐकणारं कुणी आहे का? तिन्हींचं उत्तर 'हो' येत नसेल, तर ती यंत्रणा अपुरी आहे, आणि ती तशीच सुरू करायला कुणीतरी होकार दिलेला असतो.